अण्णा सबनीसांची हलकी चाकं

सायकलवर बसण्याआधी अण्णा सबनीस खिशातली चावी काढून माझ्या हातात द्यायचे. मग पाकीट, मग पेन, मग चष्म्याचं घर. जेवणाचा डबा ते स्वतःच माझ्या हँडलला अडकवायचे. पावसाळा असला तर छत्रीही माझ्याकडे. इतकं सगळं झालं की दोन्ही हात झटकायचे, एकदा आकाशाकडे पाहायचे आणि टांग मारायचे. संध्याकाळी सुटी झाली की हाच विधी पुन्हा. त्यांच्या संसारातल्या निम्म्या वस्तू रोज बोईसरहून तारापूरला आणि तारापूरहून बोईसरला माझ्या सायकलवरून जा-ये करत होत्या.

"कदम, तुमची सायकल तशीही जडच आहे," ते माझी समजूत घालायचे. "तिला कळणार नाही."

यात मला खटकायचं ते एवढंच, की अण्णा स्वतः चांगले भरदार होते. सदऱ्याचं पोटावरचं बटण सदैव संकटात असायचं. एकदा मी धीर करून म्हणालो, की चावी देण्यापेक्षा रात्रीची एक पोळी कमी केली तर? अण्णांना राग आला नाही. अज्ञानी माणसावर ते रागवत नसत. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि मला समजावून सांगितलं.

"अंगातलं वजन बसलेलं असतं, कदम. चाकातलं वजन फिरणारं. बसलेलं वजन नुसतं ओढावं लागतं. फिरणारं वजन ओढावंही लागतं आणि फिरवावंही लागतं. माणसाला धाप लागते ती फिरणाऱ्या वजनाने."

"पण चावी कुठे फिरते?"

"चावी हा शिस्तीचा भाग आहे," अण्णा म्हणाले आणि निघाले.

तारापूरला अणुकेंद्र उभं राहत होतं, तेव्हाची ही गोष्ट. बोईसरच्या स्टेशनवर रोज नवी माणसं ट्रंका घेऊन उतरायची. कोण खानदेशातून, कोण कोल्हापूरहून. मी साताऱ्याकडचा, टाइम ऑफिसात कारकून. अण्णा सोलापूरचे, ड्रॉइंग ऑफिसात. एका बैठ्या कौलारू घराच्या दोन भागांत आम्ही शेजारी म्हणून राहत होतो. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे आमटी मी अण्णांच्या घरची खायचो आणि मोबदल्यात त्यांची चावी वाहायचो. हा सौदा नलिनीवहिनींनी ठरवला होता, म्हणून तो मोडायची माझी हिंमत नव्हती. वहिनी थोडं बोलायच्या, पण त्यांनी ठरवलेलं कुणी बदलत नसे.

फिरणारं वजन हा शब्द अण्णांना इतका आवडला होता, की जगात त्यांना दुसरं काही दिसत नसे. दिवसातून चारदा टेबलामागे येऊन उभे राहणारे साहेब म्हणजे फिरणारं वजन. घरी आले की उठायचं नाव न घेणारे पाहुणे म्हणजे बसलेलं वजन, त्यांचा त्रास कमी. पालघरच्या कचेरीत एका दाखल्यासाठी आम्हाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं, तेव्हाही अण्णांनी शांतपणे मान हलवली आणि म्हणाले, "फिरवतायत. म्हणून जड वाटतंय."

सायकल त्यांची साधीच होती. काळी, उंच, दूधवाल्यांकडे असते तशी. पण अण्णांनी तिच्या अंगावर फारसं काही ठेवलं नव्हतं. आधी घंटी गेली. मग चेनकव्हर गेलं, स्टँड गेला, शेवटी दोन्ही मडगार्ड गेले. स्टेशनाजवळ चिंचेखाली दामूचं सायकलचं दुकान होतं. दामू तिथलाच, कुंभवलीचा. एकेक भाग सोडवून देताना तो काही बोलत नसे, पण मडगार्डच्या वेळी त्याला राहवलं नाही.

"सायेब, आता सीट पन काडू का?" त्याने विचारलं.

अण्णांनी या सूचनेवर दोन दिवस विचार केला.

मडगार्ड काढल्याचा परिणाम पहिल्या पावसात दिसला. मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाची एक सरळ रेघ अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत उमटायची. ऑफिसात लोक त्याला अण्णांचं पाठीवरचं गंध म्हणायचे. वहिनी रोज संध्याकाळी तो सदरा साबण लावून दगडावर घासायच्या. मडगार्ड परत लावा, असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. मला वाटायचं, बिचाऱ्या थकल्या असतील सांगून सांगून.

पण हे सगळं किरकोळ होतं. घंटी आणि मडगार्ड हे बसलेलं वजन. अण्णांना खरी आस होती ती हलक्या चाकांची, आणि ती निवडण्यात त्यांची तीन वर्षं गेली.

महिन्यातल्या एका रविवारी ते मुंबईला जायचे, सोबत मी. पिशवीत एक ताणकाटा असायचा. सायकलच्या दुकानात शिरलं की अण्णा चाक मागायचे, त्याला काट्याच्या आकड्यात लटकवायचे आणि डोळे बारीक करून पाहायचे. मग चाक आसावर धरून हळूच फिरवायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. दुकानदाराने चहा मागवलेला असायचा. चहा संपला की अण्णा म्हणायचे, विचार करून कळवतो. मुलगी पाहून आल्यावर सोलापूरची माणसं ज्या आवाजात हे म्हणतात, अगदी त्याच आवाजात. परतताना नाकारण्याची कारणं मला ऐकायला मिळायची. एक चाक हलकं होतं पण त्याला पाणी नव्हतं. दुसरं देखणं होतं पण एका बाजूला लंगडत होतं. एक लाकडी धावेचं चाक त्यांना मनापासून आवडलं होतं, पण इथल्या दमट हवेत ते फुगेल अशी शंका आली. दोन फेऱ्यांनंतर एका दुकानदाराने आमचा चहा बंद केला, आणि तिसऱ्या वेळी आम्हाला पाहून दुकानातल्या पोराला चाकं आत न्यायला सांगितलं.

अखेर एका शर्यतवाल्या मुलाकडून अण्णांनी ॲल्युमिनियमचं एक जुनं चाक मिळवलं. नेमका ताणकाटा त्या दिवशी बिघडला. आता चाकाचं खरं वजन कळल्याशिवाय अण्णांना घास कसा उतरणार? ते चाक घेऊन सरळ बोईसरच्या बाजारात गेले आणि सुके बोंबील विकणाऱ्या एका बाईकडे त्यांनी तिचा तराजू मागितला. तिने बोंबील बाजूला सारले, चाक पारड्यात आडवं ठेवलं, वजनं टाकली. भोवती माणसं जमली. अण्णांनी खाली वाकून काटा पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

"बरोबर हाय ना?" बाईने विचारलं. "का साफ करून पन देऊ?"

सबनीसांच्या घरात माशाचं नाव काढत नसत. ते चाक वहिनींनी परसदारी ठेवायला लावलं. शेजारची मांजर तीन दिवस त्याच्याजवळून हलली नाही.

चाकाचा वास गेला तेव्हा दामूने ते बसवून दिलं. तारा आवळल्या, चाकाची आउट, म्हणजे लंगडणं, काढली, आणि दोन्ही कानांना हात लावून बाजूला झाला. सोमवारी सकाळी अण्णा माझ्या पुढे निघाले आणि खरोखरच लांब गेले. तेव्हा त्या रस्त्यावर बांधकामाचे ट्रक सतत धावायचे आणि खडीचे ढीग कुठेही असायचे. एका वळणावर मला अण्णा दिसले. ते रस्त्याच्या कडेला उभे होते आणि हातात काहीतरी धरून पाहत होते. चाक द्रोणासारखं झालं होतं. दामूने संध्याकाळी ते उलटसुलट केलं आणि विचारलं, "सायेब, चाक हाय का पापड?"

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. अण्णांनी एवढाच निष्कर्ष काढला, की चाक नुसतं हलकं असून चालणार नाही, हलकं आणि खंबीर असं दोन्ही हवं. म्हणजे शोध आणखी कठीण झाला. त्या काळात वहिनींचा दमाही आणखी वाढला होता. भिंतीपलीकडून पहाटे त्यांचा खोकला ऐकू यायचा. माणसाने बायकोच्या छातीचं पाहावं की चाकाचं, असं मला वाटे. ते मी अण्णांना बोलून दाखवलं नाही, पण त्यांची चावी घेताना माझा चेहरा पूर्वीसारखा राहिला नव्हता, हे खरं.

मग दामूनेच बातमी आणली. वाणगावच्या पुढे चिकूच्या वाडीत एक म्हातारे इराणी गृहस्थ राहतात. तरुणपणी सायकलच्या शर्यती मारायचे. त्यांच्या घरात भिंतीवर दोन चाकं टांगलेली आहेत, आणि ती करंगळीवर उचलतात.

रविवारी आम्ही निघालो.

ते इराणी गृहस्थ, रुस्तमशेठ, उंच होते, पाठ ताठ, अंगात पायजमा आणि बिनबाह्यांचा बनियन. घरात एकटेच होते. येण्याचं कारण सांगितल्यावर त्यांनी आम्हाला आत नेलं आणि भिंतीवरची चाकं काढून एक अण्णांच्या हातात दिलं. रुपेरी, नाजूक, तारा केसासारख्या बारीक. अण्णांनी ते आसावर धरून फिरवलं. ते फिरत राहिलं, आवाज नाही, थरथर नाही. वाडीतल्या गड्याने चहा आणला, आम्ही प्यालो, तरी ते फिरतच होतं. अण्णांनी पिशवीतला ताणकाटा बाहेर काढला नाही. तीन वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

रुस्तमशेठ म्हणाले, पैशाचं पाहू नको. ही चाकं भिंतीवर मरतायत, त्यापेक्षा रस्त्यावर गेली तर मला बरं वाटेल. फक्त एक सांग, तू शर्यतीत उतरतो का? अण्णा नाही म्हणाले. मग पालघरला वगैरे कुठे जोरात जायचं असतं का? तेही नाही. म्हाताऱ्याला नवल वाटलं. ते उठून अंगणात गेले, अण्णांच्या सायकलभोवती फिरले आणि थांबले.

"सगळं काढून टाकलं," ते म्हणाले. "मग हा कॅरिअर कशाला ठेवला? हाच तर सगळ्यात जड."

रोज मी त्या सायकलच्या मागे जात होतो. माझ्या हँडलला त्यांचा डबा लटकायचा आणि त्यांचा कॅरिअर रिकामा असायचा. मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. मग जे सांगितलं ते सायकलकडे बघतच सांगितलं. वहिनींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथे आल्यावर. सोलापूरच्या बाईला समुद्राचं वेड लागलं. तेव्हा मी शेजारी राहायला आलो नव्हतो; दर रविवारी चिंचणीला जायचं, तिने कॅरिअरवर बसायचं, वाळूत बसून अंधार पडायच्या आत परत यायचं. वाटेत खाडीच्या पुलाचा चढ लागायचा. तिथे अण्णांना धाप लागायची, आणि ती उतरायची. चढभर चालायची. दमा वाढल्यावर मध्येच दगडावर बसावं लागायचं. तरी ती उतरायचीच. बसून राहा म्हटलं तर म्हणायची, माझ्या वजनाने तुमची छाती फुटायची एखाद दिवस. शेवटी ती म्हणाली, समुद्र पाहून झाला आता, रोज तेच पाणी.

मी म्हणालो, एस.टी. जाते की चिंचणीला.

एस.टी.च्या धुराने तिला खोकल्याची उबळ येते, अण्णा म्हणाले. टांगा करून पाहिला, तर घोड्याच्या वासाने तिचा श्वास कोंडला.

"मी तिला सांगितलं, अगं, धाप तुझ्यामुळे लागत नाही. चाकं जड आहेत, त्यांच्यामुळे लागते." अण्णा थांबले. "तेव्हा सुचलं ते बोलून गेलो. पण तिला पटलं, असं वाटलं मला. आता ते खरं करून दाखवायला नको?"

अंगणात चिकू वाळत घातले होते, त्यांच्यावरच्या माशा रुस्तमशेठनी हाताने हाकलल्या. मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे चाक एकट्या माणसाचं आहे," ते म्हणाले. "दोघं बसले तर चढ यायच्या आधी मोडेल. तुला हलकं नको. तुला जड पाहिजे, मागे चाळीस तारांचं. आणि चेनला मोठं फ्रीव्हील, जास्ती दातांचं. पाय खूप मारावे लागतील, सायकल मुंगीसारखी जाईल, पण जाईल."

अण्णांनी विचारलं, मग तिला काय सांगू?

"हलकं आणलं म्हणून सांग. ती काय चाक उचलून बघणार आहे?"

त्यांनी आतून एक जुनी पत्र्याची पेटी आणली आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं फ्रीव्हील काढून दिलं. अण्णांनी ते पिशवीत ठेवलं. मग आत जाऊन दोन्ही चाकं आपल्या हाताने पुन्हा खिळ्यांवर टांगली. एक जरा वाकडं लटकलं होतं, ते सरळ केलं.

परतताना वाणगावजवळ त्यांनी सायकल थांबवली. मला वाटलं, काही बोलायचं असेल. त्यांनी माझ्याकडून चावी मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

दामूने दणकट धावा, जाड तारा आणि ते फ्रीव्हील बसवलं. एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "सायेब, आता हिची बैलगाडी झाली. बसा दोघं नाय तर चौघं." अण्णांनी त्याला सांगून ठेवलं, की घरी कुणी विचारलं तर चाकं इराण्याकडची आहेत, फार हलकी आहेत. दामूने कारण विचारलं नाही.

वहिनींनी नवी चाकं पाहिली. जुन्यासारखीच दिसतात की, एवढं म्हणाल्या. अण्णांनी त्यांना फिरणाऱ्या वजनाबद्दल सांगायला सुरुवात केली तेव्हा त्या भाकरीचं पीठ मळायला आत गेल्या. पण पुढच्या रविवारी दुपारी त्या जांभळ्या काठाचं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि कॅरिअरवर बसल्या. मला म्हणाल्या, कदम, तुम्हीही चला, आमचं दोघांचं काही मोडलं तर उचलायला.

खाडीच्या पुलाचा चढ आला. थंडीचे दिवस होते, उजेड अजून भरपूर होता. वहिनी सवयीने उतरायला लागल्या.

"बसून राहा," अण्णा म्हणाले.

आणि सायकल चढायला लागली. इतक्या हळू जाणारी सायकल मी पुन्हा पाहिलेली नाही. अण्णांचे पाय गरागरा फिरत होते आणि चाकं जागच्या जागी असल्यासारखी वाटत होती. डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण मागून आली, आम्हाला गाठून पुढे गेली आणि वळून वळून पाहत राहिली. मी सायकलवर तोल सावरणं सोडून दिलं आणि उतरून मागे चालू लागलो. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. मानेवरच्या शिरा मला मागून दिसत होत्या.

चढाच्या मध्यावर सायकल जवळजवळ थांबली. हँडल डावीउजवीकडे झुलायला लागलं. तेव्हा वहिनी कॅरिअरवर थोड्या पुढे सरकल्या. डाव्या पायातली चप्पल त्यांनी काढून हातात घेतली, लुगड्याचा काठ थोडा वर धरला आणि पायाचा चवडा रस्त्याला टेकवून सायकलला हळूच रेटा दिला. मग आणखी एक. लहान मुलाला झोका देतात तसा, धक्का कळू नये असा. अण्णा समोर पाहत होते. वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे पाहू लागलो. ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते.

माथ्यावर पोचल्यावर अण्णांनी पाय टेकले. त्यांना बोलता येत नव्हतं. हँडलवर वाकून ते बराच वेळ तसेच उभे होते. वहिनींनी तेवढ्यात चप्पल पायात सरकवली, लुगडं सारखं केलं आणि पदराने तोंड टिपलं. समोर चिंचणीच्या सुरूंच्या मागे समुद्राची एक पट्टी दिसत होती.

श्वास थोडा खाली बसल्यावर अण्णांनी मागे वळून विचारलं, "तुला नाही ना धाप लागली?"

"मला कशाला लागेल?" वहिनी म्हणाल्या. त्यांची छाती लपवता येणार नाही इतकी वरखाली होत होती. "मी तर बसूनच होते."